गणपूर्तीअभावी तहकूब

गजभिये यांच्या घरी ठराव मंजूर झाल्याशिवाय चहा मिळत नाही. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा ताराबाई वहिनींनी "चहा टाकू का?" असं साधं विचारलं, तर गजभिये सोफ्यावरून म्हणाले, "सूचना आली. अनुमोदन कोण देते?" मी भांबावून हात वर केला. मग लाल कापडी बांधणीचं रजिस्टर निघालं. त्यात सूचक, अनुमोदक, 'सर्वानुमते मंजूर' असं सगळं वळणदार अक्षरात लिहून झालं आणि मगच वहिनी स्वयंपाकघरात गेल्या. चहात साखर नव्हती. साखरेचा विषय पत्रिकेवर नव्हता, असं वहिनींनी मला हळूच सांगितलं.

आम्ही टोरोंटोजवळच्या व्हिटबीत समोरासमोर राहतो. गजभिये मूळचे नागपूरचे. पाणी शुद्ध करण्याच्या प्लँटमधून इंजिनिअर म्हणून रिटायर झाले, पण खरी नोकरी त्यांनी केली ती इथल्या बौद्ध बांधवांच्या असोसिएशनमध्ये. सेक्रेटरी म्हणून, बिनपगारी आणि एकही रजा न घेता. जयंतीच्या कार्यक्रमात भाषणं कितीही लांबू देत, मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम झाल्याशिवाय हे कुणाला जेवायला उठू देत नाहीत. तीच शिस्त त्यांनी घरी आणली. विंटर टायर्स कधी लावायचे, बेसमेंटमधला जुना फ्रीज काढायचा की ठेवायचा, सगळं रजिस्टरात. एकदा मी त्यांच्या ड्राइव्हवेवर बर्फात घसरून सपशेल आडवा झालो, तर उचलायला येता येता म्हणाले, "किहीमकर भाऊ, टाइम काय झाला पाहा बरं. रेकॉर्डवर घेऊन घेतो."

किहीमकर म्हणजे मी. बेने इस्राएल, अलिबागकडचा मराठी ज्यू. टोरोंटोच्या आसपास आमची मंडळी इतकी थोडी की आमची जनरल बॉडी मीटिंग एका मिनीव्हॅनमध्ये मावते. गजभियांना माझी दया आली असावी, कारण त्यांनी मला त्यांच्या असोसिएशनचा 'कायम निमंत्रित निरीक्षक' करून टाकलं. निरीक्षकाला मत नसतं, बोलायची परवानगी नसते, जेवण मात्र असतं. माझ्या बायकोच्या मते घरातही माझा दर्जा हाच आहे, त्यामुळे मला काही जड गेलं नाही.

एकदा बर्फ काढता काढता मी त्यांना छेडलं, की हा ठरावांचा आजार तुम्हाला जडला कुठे? त्यांनी फावडं टेकवलं. म्हणाले, "भाऊ, माह्या आज्याले गावात कोणी काही विचारलं नाही. विहीर कुठं खोदायची, रस्ता कुठून न्यायचा, सारं दुसऱ्यानंच ठरवलं. मी म्हटलं, माह्या घरात विचारल्याबिगर काहीच होणार नाही. लहान लेकराचंही मत घेतलं जाईन." मला खरंच लाज वाटली. त्याचा फायदा घेऊन त्यांनी उरलेला ड्राइव्हवे मी शोव्हल करावा असा ठराव मांडला आणि स्वतःच अनुमोदन दिलं.

अशा माणसाची मुलगी सहा वर्षं त्यांच्याशी बोलत नव्हती.

प्रज्ञा त्यांची एकुलती एक. शिकायला स्पेनला गेली, तिथे उत्तरेकडे, समुद्रकाठच्या बास्क लोकांच्या एका गावात मिकेल नावाच्या, होड्या दुरुस्त करणाऱ्या तरुणाच्या प्रेमात पडली आणि आपण तिथेच राहणार म्हणाली. ती सुट्टीत घरी आली तेव्हा गजभियांनी घरसभा बोलावली. ठराव: 'कु. प्रज्ञा हिने परमुलखात स्थायिक होऊ नये.' हा ठराव मांडणारे गृहस्थ स्वतः नागपूर सोडून व्हिटबीत स्थायिक झालेले आहेत, याची नोंद इतिवृत्तात कुठेही नाही. बाजूने एक मत पडलं, विरोधात एक, आणि ताराबाई वहिनी तटस्थ राहिल्या. मतं समसमान झाली तेव्हा गजभियांनी अध्यक्ष या नात्याने निर्णायक मत टाकलं आणि ठराव मंजूर केला.

"यू व्होटेड ट्वाइस, बाबा," एवढंच प्रज्ञा म्हणाली, आणि त्याच आठवड्यात गेली. पुढे दर रविवारी वहिनी बेसमेंटमध्ये बसून तिच्याशी व्हिडिओवर बोलायच्या. तेवढा वेळ गजभिये वरचा टीव्ही बंद ठेवायचे. मी एकदा अशा वेळी गेलो आणि मोठ्याने काही बोलायला लागलो, तर त्यांनी ओठांवर बोट ठेवून मला बसवलं.

यंदा त्यांनी एकाएकी क्रूझ बुक केली. कारण विचारलं तर म्हणाले, "बास्क लोकांच्या सहकारी संस्था पाहून घेऊ. स्टडी टूर आहे." वहिनींनी यायला साफ नकार दिला. "मी तटस्थ आहे. ज्यानं दोन मतं टाकली त्यानंच जावं," असं म्हणून त्या सुपात तांदूळ पाखडत बसल्या. त्यांच्या जागी माझी वर्णी लागली. निघण्याच्या आदल्या दिवशी वहिनींनी मला फाटकाशी गाठलं. "भाऊ, ते जहाज एक दिवस प्रज्ञाच्या गावापाशी थांबते. यांनी तिले नोटीस धाडली आहे. संभाळून घ्या."

नोटीस म्हणजे खरोखरची नोटीस. तिची प्रत वहिनींनी मला दाखवली. 'विषय: मागील ठरावाचा फेरविचार व आयत्या वेळचे विषय. वेळ: सकाळी अकरा. स्थळ: नदीवरील होडीचा धक्का. गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास ती अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेण्यात येईल व तीस गणपूर्तीचे बंधन राहणार नाही.' सहा वर्षांनी बापाने मुलीला पाठवलेलं हे पत्र. खाली 'आपला विश्वासू' होतं. उत्तर आलं नव्हतं.

त्या दिवशी जहाज समुद्रातच उभं राहिलं आणि लहान बोटींनी आम्हाला आंदाय गावात उतरवलं. हा फ्रान्सचा काठ. समोर नदीचं मुख आणि पलीकडे ओंदारिबिया, ते स्पेन. मधे एवढंसं पाणी. त्यावर एक छोटी होडी इकडून तिकडे माणसं नेते, पासपोर्ट कुणी विचारत नाही. गजभियांना ते खटकलं. "बॉर्डर आहे म्हटल्यावर शिक्का पाहिजे ना बाप्पा," असं ते होडीवाल्याकडे बघून मराठीत म्हणाले. होडीवाल्याने खुशीत हात हलवला.

बाकीचे प्रवासी पोहायला गेले. आम्ही पावणेअकराला धक्क्यावरच्या बाकावर बसलो. ऊन मस्त पडलं होतं, आजूबाजूला माणसं चड्ड्या घालून आइस्क्रीम चाटत हिंडत होती, आणि हे सूट, निळा टाय, मांडीवर रजिस्टर अशा थाटात. अकरा वाजले. त्यांनी दोन्ही बाजूंना मान वळवून पाहिलं आणि लिहिलं, 'गणपूर्तीअभावी सभा तहकूब.'

साडेअकराला मी म्हटलं, "आता गणपूर्तीचं बंधन नाही. तुमचाच नियम आहे. घ्या सभा, करा तो ठराव रद्द आणि चला जेवायला."

"तिच्याबिगर?"

"नियमात बसतं की."

"नाही जमत, भाऊ," म्हणाले, आणि पुन्हा तहकूब लिहिलं.

बाराला तहकूब. साडेबाराला तहकूब. मधल्या वेळात त्यांनी मला माहितीपत्रकातलं वाचून दाखवलं, की याच नदीत थोडं वर एक बेट आहे, ते सहा महिने फ्रान्सचं असतं आणि सहा महिने स्पेनचं. "पाहा, दोन देशांनी कसं लेखी करून मिटवलं," त्यांनी कौतुकाने सांगितलं. मी निरीक्षक असूनही बोललो. म्हटलं, दोन देशांनी मिटवलं कारण त्यांच्यात कुणी एकट्याने दोनदा मत टाकलं नव्हतं. ते रागावले नाहीत. "नाही येणार ती," असं पहिल्यांदाच म्हणाले, आणि पेनाचं टोपण लावायचा प्रयत्न करत राहिले. ते काही लागेना. मला त्यांचा आलेला सगळा राग तिथेच विरला.

एकला मी बाजूला जाऊन व्हिटबीला फोन लावला. तिकडे सकाळचे सात. वहिनींनी पहिल्याच रिंगला उचलला, म्हणजे त्याही जाग्याच होत्या.

"अहो, ती अकरापासून धक्क्यावर बसून आहे," वहिनी म्हणाल्या. "बाबा आलेच नाही म्हणून आत्ता रडत फोन केला तिनं. तुम्ही कोण्या बाजूले बसले?"

मी पाण्यापलीकडे पाहिलं. होडी जिथून सुटते तिथे एक धक्का असतो, हे खरं. पण ती जिथे जाते तिथेही एक असतो. नोटीस काढणाऱ्या सेक्रेटरींनी धक्का लिहिला होता, देश लिहिला नव्हता. आपण जहाजातून ज्या काठाला उतरणार तोच धक्का, असं त्यांनी धरलं. आपण जिथे राहतो त्या ओंदारिबियाचाच धक्का, असं पोरीने धरलं. उभ्या आयुष्यात त्यांच्या सूचनेत काना-मात्रा चुकलेली मी पाहिली नव्हती, आणि चुकली ती इथे.

मी त्यांना सांगितलं. मला वाटलं, आता स्थळबदलाचं शुद्धिपत्रक काढतील. ते उठले आणि सरळ होडीत जाऊन बसले. रजिस्टर बाकावरच राहिलं. ते घेऊन मी धावलो, आणि माझ्या वयाला न शोभणारी उडी मारून होडी पकडली. पलीकडे पोचेपर्यंत गजभियांनी शिक्क्याचं नाव काढलं नाही.

प्रज्ञा धक्क्याच्या कडेला उभी होती. फोटोतल्यापेक्षा बारीक, आणि नाक थेट बापाचं. दोघं हातभर अंतरावर थांबली. मिठी मारायची की नमस्कार करायचा, दोघांनाही सुचेना.

"आय हॅव बीन हिअर सिन्स इलेव्हन," ती म्हणाली. "आईने मला नोटीस वाचून दाखवली होती. मी पण तहकूब केली, बाबा. फोर टाइम्स."

धक्क्याजवळच, रंगीत लाकडी सज्जांच्या घरांखाली, एका हॉटेलाने रस्त्यावर टेबलं मांडली होती. तिथे आम्ही बसलो. मी रजिस्टर पुढे ठेवलं. गजभियांनी घसा साफ केला आणि त्यात आधीच लिहून ठेवलेला मसुदा वाचला: "मागील सभेत निर्णायक मताचा वापर तांत्रिकदृष्ट्या सदोष असल्याने सदर ठराव रद्द करण्यात यावा. सूचक मी. अनुमोदन?"

"विरोध," प्रज्ञा म्हणाली.

त्यांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

"टेक्निकल नव्हतं ते, बाबा. आय क्राइड फॉर अ होल इअर. टेक्निकल गोष्टीसाठी कोणी रडत नाही."

वेटर येऊन उभा राहिला आणि आमची तोंडं बघून परत गेला. मग गजभियांनी त्या मसुद्यावर आडवी रेघ मारली, खाली दोन ओळी लिहिल्या आणि रजिस्टर फिरवून तिच्यापुढे सरकवलं. प्रज्ञा मराठी शिकली ती असोसिएशनच्या रविवारच्या वर्गात. तिने ओळीखाली बोट धरून, अक्षर अक्षर लावत वाचलं: "अध्यक्ष चुकले. त्यानंतर अध्यक्षांना घरात करमले नाही."

"करमले नाही मीन्स?"

मी सांगणार होतो, पण गजभियांकडे बोट दाखवलं. हे उत्तर माझं नव्हतं.

"म्हंजे..." गजभिये अडखळले. "विंटरमधे रिकाम्या रूमचा व्हेंट बंद करून टाकतो ना आपण, हीट वाया नको जायला म्हणून? तुझ्या रूमचा मी नाही केला. सहाही विंटर चालूच ठेवला. तुझ्या आईले वाटते, मी विसरलो."

प्रज्ञाने त्यांच्या हातातलं पेन काढून घेतलं, टेबलावर ठेवलं, आणि तो मोकळा झालेला हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला. दोघांचेही डोळे वाहत होते. माझेही वाहत होते, ते लपवायला मी मेनूकार्ड उलगडलं. गजभियांचा रुमाल कोटाच्या उजव्या खिशात होता आणि उजवा हात तिने धरलेला होता. तो त्यांना काही केल्या सोडवायचा नव्हता. म्हणून त्यांनी डावा हात वर केला आणि त्या कडक इस्त्रीच्या कोटाच्या बाहीला, भर रस्त्यात, नाक पुसलं.