अल्बमातलं सातवं गाणं

अल्बम काढणं हे गायकाचं काम असलं, तरी तो प्रकाशित करणं ही समाजाची जबाबदारी आहे. आणि समाज ती गाण्यांची जराही मदत न घेता चोख पार पाडतो, हे मान्य करायलाच हवं.

धम्मपाल हा नाशकातल्या एका सरकारी कचेरीत आवक-जावक लिपिक. वय बेचाळीस. (पॉप गायकाला जरा जास्तच, पण नोकरीत कायम झाल्याशिवाय बंडखोर गाणी म्हणायची नाहीत, हा त्याचा नियम.) दोन वर्षं दर रविवारी स्टुडिओत जाऊन त्याने सहा गाण्यांचा अल्बम केला. त्याची इच्छा एकच होती: कुणीतरी, निदान एका माणसाने, तो पहिल्यापासून शेवटपर्यंत नीट ऐकावा. बिचाऱ्याला वाटलं, इच्छा माफक आहे.

प्रकाशन ठरलं. फ्लेक्स लागला. त्यावर शुभेच्छुकांचे चौतीस फोटो बसले, त्यामुळे गाण्यांच्या नावांना जागा उरली नाही. गायकाचाही फोटो होता, खाली कोपऱ्यात, दोरी बांधायच्या भोकाशेजारी, गॉगल लावलेला. (गॉगल मेव्हण्याचा.)

प्रमुख पाहुणे, माजी नगरसेवक धोंडीरामअण्णा, नाशकातल्याच द्वारका चौकातल्या गर्दीत अडकल्याने सव्वा तास उशिरा आले. मग सतरा सत्कार झाले, उशिरा आलेल्यांचे राहिलेले पाच झाले आणि शेवटी स्पीकरवाल्याचा झाला. गाणी वेळेअभावी वाजवता आली नाहीत. तशी कुणी तक्रारही केली नाही.

भाषणात अण्णा म्हणाले, "काय गायलाय हा गडी! सगळीच गाणी भारी, पण ते सातवं... सातवं ऐकलं अन् डोळ्यांत पाणी आलं राव!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. धम्मपालने तोंड उघडलं, क्षणभर विचार केला आणि हात जोडले. खांद्यावर शाल पडलेल्या माणसाने गाणी मोजायची नसतात.

दुसऱ्या दिवसापासून मोबाईल तापला. कॉलनीच्या ग्रुपवर दोनशे बारा अभिनंदनं आली, त्यांतल्या एकशे नव्वद जणांना सातवं गाणं विशेष भावलं. बालमित्र रवीच्या ते थेट काळजाला भिडलं. कचेरीतल्या साहेबांना त्यात आई दिसली. ते आईवरचं नसून प्रेमभंगाचं आहे, यावरून जेवणाच्या सुट्टीत दोन लिपिकांची चांगलीच जुंपली. धम्मपालने दोघांनाही मान डोलावून दुजोरा दिला. (कलाकाराने अर्थ रसिकांवर सोडावा.)

ॲपवर मात्र अल्बम शेवटपर्यंत ऐकणारे होते दोन. त्यांतला एक तो स्वतः, लिंक चालते का ते बघायला. दुसरी त्याची बायको, साक्षी.

"अहो, गाणी सहाच आहेत ना? मग लोक सातवं कुठलं म्हणतायत?" तिने विचारलं. "आणि तिसऱ्यात तुमचा सूर खाली गेलाय. चौथं मात्र मी तीनदा ऐकलं. पोळ्या करता करता रडूच आलं मला."

यातलं धम्मपालला एवढंच ऐकू आलं: सूर खाली गेलाय. त्याचा! जो दोनशे बारा लोकांना सापडला नाही, तो दोष घरातच सापडावा! फार लागलं त्याला. चार दिवस तो तिच्याशी बोलला नाही आणि पाचव्या दिवशी लोकाग्रहास्तव सातवं गाणं रेकॉर्ड करून आला.

ते महिनाभरात प्रकाशित झालं. या वेळी सत्कार एकोणतीस. आधीच्या सातव्याची सर याला नाही, यावर जाणकारांचं एकमत झालं. साक्षीने ते लावलंच नाही. ग्रुपवर "अप्रतिम!" लिहून दोन फुलं टाकली आणि कणीक मळायला घेतली. घरात पुन्हा गोडीगुलाबी नांदू लागली. ॲपवर नवं सातवं ऐकणाऱ्यांचा आकडा एकवर थांबला.

हसू आलं ना? मागच्याच आठवड्यात तुम्हीही ओळखीतल्या कुणाला तरी "अप्रतिम!" लिहून पाठवलंत. खरं सांगा, लिंक उघडली होतीत?