दीड मणाचा मिस्त्री

गफूर मिस्त्री रोज सकाळी वाशीमच्या धान्यबाजारात जाऊन स्वतःला तोलून घेत असे. एका पारड्यात पाय दुमडून मिस्त्री, दुसऱ्यात लोखंडी मापं आणि मध्ये कंटाळलेला अडत्या.

"मिस्त्री, आज कोनता भाव लावू तुमाले?"

"भाव कोनताई लाव. आधी काटा बरोबर कर."

दीड मण भरला की मिस्त्री खुशीत उतरे. कमी भरला तर त्या दिवशी दोन भाकरी जास्त खाई. लोक त्याला खुळा म्हणत. या खुळाचा उगम माझ्यापाशी होता, हे मी फारसं कुणाला सांगत नसे.

आमच्या गावातल्या मोटार कंपनीने लष्कराची एक जुनी लॉरी घेतली होती. तिच्याबरोबर एक इंग्रजी पुस्तक आलं. मी शाळेत इंग्रजी शिकवीत असे, म्हणून मिस्त्री ते घेऊन माझ्याकडे आला. चाकाचा नट किती घट्ट हवा, याचा त्यात चक्क आकडा होता. इतके पौंड वजन, एक फुटावर.

"म्हंजे हे लोक हाताच्या अंदाजानं नाही कसत?"

"नाही. मोजून कसतात."

वीस वर्षं अंदाजाने नट कसणाऱ्या माणसाला त्या दिवशी धर्म सापडला. त्याने पान्ह्याच्या दांड्यावर दोन फुटांवर कानशीने खूण केली. हिशेब मी मांडून दिला. दीड मणाचा माणूस त्या खुणेवर उभा राहिला आणि नट हलेनासा झाला, म्हणजे पुस्तकाचं समाधान. तेव्हापासून मिस्त्री दांड्यावर चढून उभा राही, तेही एका नटानंतर लगेच शेजारचा नाही, समोरचा, असा क्रम धरून.

रोज्यांच्या महिन्यात त्याचं वजन उतरे. मग अडत्याकडून मापं मागून आणी, पिशवीत घालून गळ्यात अडकवी आणि दांड्यावर चढे.

"काहून हा जीवाले ताप, मिस्त्री?" नामदेव ड्रायव्हर विचारी.

"रोजा माहा हाय, गाडीचा नाही."

हा नामदेव मिस्त्रीची थट्टा करण्यात पहिला. पण मिस्त्रीने चाकाला हात लावल्याशिवाय तो गाडी हलवीत नसे.

कंपनीचे मालक भाऊसाहेब. त्यांना उद्घाटनांची आवड होती. आमच्या शाळेच्या कमिटीचेही तेच अध्यक्ष, त्यामुळे त्यांची मानपत्रं मी लिहीत असे. एका साली त्यांनी नवी बस आणली आणि पाहुण्यांना घेऊन अकोल्यापर्यंत पहिली फेरी काढायचं ठरवलं. बँडवाले होते, तोरणं होती. चाकंसुद्धा रुपेरी रंगाने रंगवून घेतली होती. जाड दोन हात, नट बसतात त्या जागेवरही.

मिस्त्री रंग पाहून हबकला.

"मालक, नटाखाली रंग चालत नाही. गाडी धावली का तो दबते अन् नट ढिला पडते. खरवडू द्या."

"पाव्हने उभे हायेत अन् तू रंग खरवडतं? चल, बाजूले हो."

मिस्त्री बाजूला झाला. मग ड्रायव्हरच्या खिडकीपाशी गेला. मी मानपत्राची सुरळी घेऊन तिथेच उभा होतो.

"नामदेव, वाटेत मेडशीले थांबशीन. पान्हा सीटखाली ठेवला हाय. मी कसले हायेत, पन एक खेप सारे नट परत कस, मंग जाय."

"थांबतो, बावा."

बस मेडशीला थांबली नाही. मागून भाऊसाहेब म्हणाले, चल चल, आणि नामदेवने ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला नाही. मेडशीच्या पुढच्या वळणावर चाक निघालं आणि बस नालीत कलंडली. पाहुण्यांच्या फेट्यांनाही धक्का लागला नाही. दाराशी बसलेला बँडमधला सनईवाला तेवढा मेला.

चौकशीला अकोल्याहून साहेब आले, आमच्या शाळेतच बसले. चाकाचा रंग तोवर भाऊसाहेबांनी घासून साफ करून घेतला होता. साहेबांनी मिस्त्रीला विचारलं, नट किती घट्ट ते कशावरून ठरवतोस?

"माह्या वजनावरून, साहेब."

सगळे हसले. भाऊसाहेब सगळ्यांत मोठ्याने. मिस्त्रीने माझ्याकडे पाहिलं. पुस्तकाचं, रंगाचं, खिडकीपाशी झालेल्या बोलण्याचं मी सांगू शकत होतो. मी भिंतीवरच्या नकाशात वऱ्हाडातल्या नद्या पाहत राहिलो. मला नोकरी होती.

मग साहेब नामदेवकडे वळले. वाटेत कुठे थांबून चाकं बघायला सांगितलं होतं का तुला? नामदेव होय म्हणाला असता तर लायसन गेलं असतं आणि कदाचित तुरुंगही.

"त्याले काय इचारता?" मिस्त्री मध्येच म्हणाला. "मी कोनाले काई सांगतलं नाही. दोन नट कसाचे राहूनच गेल्ते माह्याकून."

एवढं पुरे होतं. कागदावर तेच उतरलं. मिस्त्रीची नोकरी गेली, आणि वाशीममध्ये कुणी त्याला चाकाला हात लावू देईना. तो शिवणयंत्रं दुरुस्त करू लागला.

वर्षभराने त्याच्याबरोबर स्टँडजवळच्या हॉटेलात चहा पीत होतो. आमच्याकडे पाठ करून नामदेव चार ड्रायव्हरांत बसला होता आणि तोच विषय निघाला होता.

"मी मेडशीले थांबलो असतो तरी का व्हनार होतं?" नामदेव सांगत होता. "बुढ्यानं नटच कसले नव्हते. त्यानं सोताच्या तोंडानं सांगतलं ना भाऊ. त्या सनईवाल्याचा जीव त्यानं घेतला."

हे तो नुसतं म्हणत नव्हता. त्याचा त्यावर विश्वास बसला होता. नको तेव्हा धैर्य यायची मला सवय आहे. मी उठू लागलो.

मिस्त्रीने माझा हात धरून मला खाली बसवलं. त्याची पकड अजून पहिल्यासारखीच होती.

"बसा, मास्तर. त्याले तसंच वाटू द्या. नाही तं त्याच्यानं स्टेरिंग धरवनार नाही."