उंबऱ्यापर्यंतचा मेहुणा

ज्यांच्यापुढे कारखान्यांनीही हात टेकले, अशी घड्याळं मी चाळीस वर्षं दुरुस्त केली. तेव्हा एक मेहुणा दुरुस्त करणं म्हणजे माझ्या हातचा मळ!

हा बायकोचा धाकटा भाऊ. चार दिवसांसाठी आला आणि चार महिने माझ्या आरामखुर्चीत असा रुतला, जणू खुर्चीला पाचवा पाय फुटलाय! हाकलावं, तर बायकोचा भाऊ. मग मी वाचनालयातून मानसशास्त्राचं पुस्तक आणलं. त्यात लिहिलं होतं, ज्या वागण्यामागून बक्षीस मिळतं, ते वागणं प्राणी पुन्हा पुन्हा करतो. कबुतराने कळ दाबली, दाणा पडला, की कबुतर दिवसभर कळच दाबतं. आमचा मेहुणा कबुतराहून फार पुढे नव्हता.

ठरलं! तो निघायची भाषा बोलला, की केकचा तुकडा!

पहिल्या दिवशी म्हणाला, "भावजी, जावं म्हणतो." तुकडा! दुसऱ्या दिवशी बॅग उचलली. मोठा तुकडा! तिसऱ्या दिवशी उंबऱ्यापर्यंत गेला. अर्धा केक!

आठवड्याभरात गडी असा तयार झाला, की दिवसातून बावीस वेळा बॅग घेऊन उंबऱ्यापर्यंत जायचा, पाखराच्या पिल्लासारखा आ वासायचा आणि केक तोंडात पडला, की परत खुर्चीत!

शेजारीण म्हणाली, "वहिनी, तुमच्याकडे पाहुणे फार येतात हो!"

"एकच आलाय," बायको म्हणाली, "पण तो सारखा जातो."

मग मी बक्षीस लांबवत नेलं. आधी फाटक, मग चौक, मग बसथांबा. शेवटी थेट त्याच्या गावची बस! "आत जाऊन बसलास, तरच केक."

तो बसला. मी विजयी वीरासारखा आत चढलो, केक त्याच्या तोंडात घातला आणि घात झाला! केक मिळाला, की माघारी फिरायचं, हेही बेट्याला मीच शिकवलं होतं ना! टुणकन उठला, मागच्या दाराने उतरला. मी "अरे, थांब!" म्हणेपर्यंत दार बंद, बस सुरू.

"ओ, मला उतरायचंय!"

"बसा, आजोबा," कंडक्टर म्हणाला. "ही विनाथांबा आहे."

संध्याकाळी मेहुण्याच्या गावातून घरी फोन लावला. "अगं, परतीची बस उद्या आहे!"

"सावकाश या," बायको म्हणाली. "तो पोचला, खुर्चीत झोपलाय. पण पुस्तकाला नावं ठेवू नका हं! घरातला एक माणूस बसने गेला की नाही?"

"गेला," मी म्हटलं. आयुष्यात एकदा फुशारकी न मारता खरं बोलायची वेळ आली, ती अशी!