आप्पांना पाय दाखवणारी गाडी

मी कुठलीही गोष्ट पूर्ण विचार केल्याशिवाय करत नाही. हे मी माझ्या तोंडानं सांगत नाही, आमच्या गावात कुणालाही विचारा. म्हणजे आता नका विचारू, पण त्या चैत्राच्या आधी विचारलं असतं तर लोकांनीही हेच सांगितलं असतं.

चौसाळ्यापासून सात किलोमीटर आत आमचं गाव, आणि गावात माझं हार्डवेअरचं दुकान. चार वर्षांपूर्वी मी एक टूरिंग मोटारसायकल घेतली होती. उंच, रुंद, दोन्ही बाजूंना सामानाचे पत्र्याचे डबे आणि वजन दोनशे किलोच्या वर. लडाखला जायचं म्हणून घेतली. चार वर्षांत ती सगळ्यात लांब केजपर्यंत गेली, आणि डब्यांतून सरकीच्या पेंडीशिवाय काही गेलं नाही. घरी दोन म्हशी. एक माझ्या नावावर, एक माझ्या बायकोच्या, शिवगंगेच्या. त्यामुळं गावच्या दूध संस्थेत आम्ही दोघंही सभासद.

आता खरी गोष्ट सांगतो. मला त्या संस्थेचा अध्यक्ष व्हायचं होतं. बारा वर्षं मी नुसता संचालक. मीटिंगला बोलवायचे ते चहा सांगायला. अठरा वर्षं अध्यक्ष होते आप्पा, आणि वय झालं म्हणून यंदा ते खुर्ची सोडणार होते. आमच्याकडं निवडणूक होत नाही. आप्पा सभेत ज्याच्याकडं बोट दाखवतील तो बिनविरोध. ते बोट माझ्याकडं वळावं म्हणून मी काय काय केलं असेल ते विचारू नका. अध्यक्षपदाचं भाषण तर मी दोन्ही म्हशींना पाठ होईस्तोवर म्हणून दाखवलं होतं.

सगळं जमत आलं होतं, आणि डेअरीपुढं उभ्या-उभ्या माझी गाडी कलली. मी धरली, पण दोनशे किलो कलले की माणूस धरत नसतो, सोबत जात असतो. मी खाली, गाडी वर. चौघांनी उचलली. ओट्यावरून आप्पा बघत होते.

"सिद्धलिंग," ते म्हणाले, "तुला गाडी झेपंना, संस्था कशी झेपंल?"

हे वाक्य मला झोपू देईना. मग मी पूर्ण विचार केला, आणि बीडला जाऊन ती गाडी देऊन टाकली आणि तिच्या बदल्यात हलकी क्रूझर घेऊन आलो.

क्रूझर कशी असते ते सांगतो. बसायची जागा खाली, हँडल वर आणि रुंद, पाय ठेवायचे पार पुढं. आरामखुर्चीला इंजिन बसवावं तशी गाडी. जुन्या गाडीपेक्षा साठ किलो हलकी. वाटलं, आता आप्पांच्या डोळ्यांदेखत एका हातावर तोलून दाखवतो.

वेशीपासून डेअरीपर्यंत आमच्याकडं सरळ उताराचा रस्ता आहे, आणि उतार संपतो तिथं डेअरीचा ओटा. ओट्यावर आप्पा, शेजारी पाच-सहा मंडळी आणि दूध घालून रिकामी किटली घेऊन उभी असलेली केसरबाई. केसरबाईच्या दोन गायी. डेअरीवर रोज पहिलं दूध तिचं, आणि मग घरी जाता-जाता सगळ्या गावाची चौकशी. मी मुद्दाम सावकाश आलो, कुणाचं लक्ष चुकायला नको म्हणून. ओट्यापुढं थांबलो आणि एका हातानं गाडी तोलली.

"बघा आप्पा, आता कशी झेपते."

आप्पांनी गाडीकडं बघितलंच नाही. ते माझ्या बुटांकडं बघत होते. मग काठी उचलली आणि काही न बोलता घरी गेले. मला वाटलं, कौतुकानं शब्द फुटला नसावा.

दुपारी शहादेव दुकानात आला. शहादेव माझा शाळेपासूनचा मित्र, आणि संचालक मंडळात माझ्या बाजूचा एकुलता एक माणूस.

"कावून केलास बे असं?" तो म्हणाला.

"काय केलं?"

"आप्पाला पाय दाखवलेस."

"मी?"

"वेशीपासून डेअरीपस्तोर. दोन्ही पाय, तळवे आप्पाच्या तोंडाकडं करून. बुटाचा नंबर नऊ हाय हे बी ओट्यावरच्यांनी वाचलं."

"अरे, त्या गाडीची बैठकच तशी असती!"

"ते मला कळतंय. आप्पाला कोण सांगंल? आप्पा म्हनले, आत्ताच बाजंवर पडल्यावानी येतोय, खुर्ची दिल्यावर टेबलावर पाय टाकंल."

आमच्याकडं थोरांपुढं कुणी पाय पसरून बसलं तर त्याच्या बापाचा उद्धार होतो, आणि मी तर पाय पसरून दोनशे मीटर चालत्या गाडीवर गेलो होतो. त्यातून आमचं गाव. सकाळी मी पाय दाखवले होते, दुपारी मी लाथ दाखवली होती आणि सायंकाळी ती लागलीसुद्धा होती. दुसऱ्या दिवशी माजलगावहून मेहुण्याचा फोन आला, "दाजी, आप्पांना कितपत लागलं? आणलं का दवाखान्यातून?"

मी माफी मागायला पायी आप्पांच्या घरी गेलो. दारात त्यांच्या पत्नी सारजाबाई आल्या.

"झोपलेत," त्या म्हणाल्या.

त्यांच्या मागं आप्पा उभे राहून दात कोरत होते. मी नमस्कार केला. त्यांनी दार लावून घेतलं.

सभा गुरुवारी सकाळी दहाला, डेअरीच्या ओट्यावर. शहादेव म्हणाला, "चालत जा." पण चालत गेलो असतो तर हीसुद्धा गाडी झेपली नाही असं झालं असतं. गाडीवर जाणं भाग होतं, आणि पाय पुढं दिसायला नको होते. मी पुन्हा एकदा पूर्ण विचार केला. मागं बसणाऱ्याचे पाय ठेवायला मागं दांड्या असतातच. आपले पाय तिथं ठेवायचे. वेशीपाशी दुसरा गिअर टाकायचा, पाय मागं घ्यायचे आणि वाकून, नम्रपणे उतारावरून खाली यायचं.

अंगणात मी करून दाखवलं. शिवगंगा भाकरी थापता-थापता उठून बघायला आली.

"अहो, बेडकावानी दिसतंय."

"नम्र दिसतंय का?"

"दिसतंय. पण ब्रेक?"

"ब्रेक कशाला लागतोय? दहाच्या स्पीडनं तर यायचंय."

तिनं परत विचारलं नाही. तिनं परत विचारलं नाही की मला वाटतं तिला पटलं. वीस वर्षांत हा माझा गैरसमज काही गेला नाही.

गुरुवारी टँकरचाही दिवस होता. दुष्काळाचं तिसरं वर्ष, माजलगावच्या धरणाचा तळ उघडा पडलेला, गावातल्या विहिरींत खापऱ्या. टँकर चार दिवसांनी एकदा यायचा आणि डेअरीपाशी उभा राहायचा. वेशीपासून ओट्यापर्यंत रस्त्याच्या कडेनं हंड्यांची रांग लागलेली असायची. माणसं रांगेत उभी नसायची, हंडे उभे असायचे. पहाटे हंडा नेऊन ठेवला की आपला नंबर लागला. बायका आपापली कामं करायच्या, नाहीतर लिंबाखाली बसायच्या. पण दुसऱ्याच्या हंड्याला हात लावायची कुणाची छाती नव्हती. जमिनीच्या बांधापेक्षा त्या वर्षी हंड्याच्या जागेला मान होता, कारण पाणी कधी पन्नासाव्या हंड्यापर्यंत पुरायचं, कधी पंचावन्नाव्या.

दहाला पाच मिनिटं कमी असताना मी वेशीपाशी आलो. दुसरा गिअर टाकला आणि पाय मागं घेतले. ओट्यावर सगळी सभा जमली होती, मधोमध आप्पा. अर्ध्या उतारापर्यंत तर इतकं छान चाललं होतं की आप्पांनी मान वर करून माझ्याकडं बघितलं. रागानं नाही, नुसतं बघितलं. मला भरून आलं. त्या भरात मी उजवा हात हँडलवरून काढून कपाळाला लावला.

आता बघा. पायाचा ब्रेक पुढं, पाय मागं. हाताचा ब्रेक उजव्या मुठीत, उजवा हात कपाळावर. डाव्या हातात क्लच होता, तो मी दाबला. क्लच दाबल्यावर उतारावर गाडी थांबत नाही, सुटते. हे मला माहीत होतं, पण त्या वेळी आठवलं नाही. एका हातावरचं हँडल कडेच्या रांगेकडं वळलं.

पहिला हंडा लागला तेव्हा मी शांत होतो. तिसऱ्यानंतर आवाज वाढला. दहाव्यानंतर मी कपाळावरचा हात खाली घेतला, पण तोपर्यंत ब्रेक सापडण्याच्या पलीकडं मी गेलो होतो. हंडे उडाले, घागरी गडगडत उतारावरून माझ्या पुढं धावल्या, प्लास्टिकचे ड्रम तर ओटा ओलांडून शाळेकडं गेले. साठ हंड्यांची रांग मी आडवी करून ओट्यापाशी पोचलो आणि आप्पांच्या पायांपाशी पालथा पडलो. इतका नम्रपणा माझ्या योजनेतसुद्धा नव्हता.

मला खरचटलं तेवढंच. बायका लिंबाखाली होत्या म्हणून कुणाला काही झालं नाही. पण रांग गेली होती. हंडे चेपले याचं कुणाला काही नव्हतं. कोण कुणाच्या पुढं होतं, हे आता कुणालाच सांगता येत नव्हतं.

"माझा सातवा व्हता!" बायनाबाई ओरडली.

"तुझा कवा सातवा? सातवा माझा," छबुबाई म्हणाली.

मिनिटभरात सात नंबरवर हक्क सांगणारे अकरा जण झाले. एकाच घागरीला तीन हात लागले. त्यात टँकर आला. ड्रायव्हर मुंजाजी खाली उतरलासुद्धा नाही. मागच्या महिन्यात दुसऱ्या एका गावात अशाच भांडणात त्याच्या टँकरची काच फुटली होती.

"तुमचं मिटलं की कळवा," त्यानं खिडकीतून सांगितलं आणि गाडी रिव्हर्सला टाकली.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. टँकर आज गेला तर आणखी चार दिवस गावात थेंब नाही. माणसं कशीतरी भागवतील, ढोरांनी काय करायचं? आणि हे सगळं माझ्यापायी. खुर्ची-बिर्ची मी त्या क्षणी विसरलो. लंगडत टँकरपुढं जाऊन हात जोडून उभा राहिलो. मुंजाजी हॉर्न वाजवत राहिला. आप्पा काठी आपटत "ऐका, ऐका" म्हणत होते, पण कोण ऐकतंय.

तेवढ्यात केसरबाई ओट्यावर चढली. तिनं रिकाम्या किटलीवर झाकण आपटलं.

"मुंजाजी, गाडी बंद कर. किल्ली हितं आन."

मुंजाजीनं गाडी बंद केली. का केली ते त्यालाही सांगता आलं नसतं.

"आता समद्यांनी हंड्याचे हात सोडा. मी पहाटं दूध घालाय येती तवा ही रांग बघत येती. पयला हंडा काठ चेपलेला, सुंदरबाईचा. दुसरी निळ्या दोरीची घागर, नीलम्माची. तिसरा ड्रम, त्याला झाकान न्हाई, म्हाळूचा."

गाव गप्प झालं. ती सांगत गेली. कुठल्या हंड्याला कुठं पोचा, कुणाची दोरी, कुणाची चिंधी. बायनाबाई नववी निघाली, छबुबाई तेविसावी. दोघींनीही ऐकून घेतलं, कारण खरं होतं. हंडे उचलून जागेवर ठेवायचं काम न सांगता माझ्याकडं आलं.

मधे आठव्यापाशी जरा अडलं. "आन आठवा शिवगंगाचा," ती म्हणाली.

"त्यांचा शेवटी ठेवा!" मागून कुणीतरी ओरडलं, आणि बऱ्याच जणांनी माना हलवल्या.

"कावून? हंडा तिचा हाय, गाडी ह्याची हाय," केसरबाई म्हणाली. "आठवा तो आठवाच."

साठावा हंडा जागेवर लागला तशी मुंजाजीनं नळी सोडली. पाणी बावन्नाव्या हंड्यापर्यंत पुरलं आणि भांडण एकही झालं नाही. उरलेल्या आठ घरांना कुणी-कुणी अर्धी-अर्धी घागर दिली. शिवगंगेनं न विचारता दोघींना दिली. मी ते बघितलं आणि मला फार बरं वाटलं.

मग सभा सुरू झाली. आप्पा काठीवर रेलून उठले. म्हणाले, "मला लई बोलायचं व्हतं, पर आता गरज न्हाई. अठरा वर्सांत मला ह्या गावाला गप बसवता आलं न्हाई. अध्यक्ष केसरबाई. कुनाचा इरोध हाय का?"

मी तेव्हा शाळेकडं गेलेल्या ड्रमांची दोन झाकणं घेऊन येत होतो. माझे दोन्ही हात गुंतले होते. विरोध असता तरी हात वर करता आला नसता. आणि खरं सांगू का, विरोध नव्हता. बारा वर्षांत पहिल्यांदा मला त्या खुर्चीत बसायला योग्य माणूस दिसत होता, आणि तो मी नव्हतो. वाईट वाटलंच. भाषण पाठ होतं ना.

"दुसरा ठराव," आप्पा म्हणाले. "अध्यक्षाला हप्त्यातून दोनदा बीडला दूध संघात जावं लागतं. एसटीचा टाइम जमत न्हाई. केसरबाईचे गुडघे बघता गाडी बसायला खाली पायजे. तशी गाडी गावात एकच हाय." आणि ज्या बोटाची मी बारा वर्षं वाट बघितली, ते बोट आप्पांनी माझ्याकडं दाखवलं. "सिद्धलिंग नेऊन आनंल. सूचक मी. अनुमोदन कुनाचं?"

गर्दीतून लगेच एक हात वर गेला. हाताला पीठ लागलेलं होतं आणि मनगटात हिरव्या बांगड्या होत्या, बीडहून क्रूझर आणली त्या दिवशी मीच घरी आणलेल्या.