कपारीतला हेकरू

तुळजाबाई जीपनं केजच्या बाजाराला गेल्या आणि गहिनीनाथ गुरुजींनी त्यांची नवी साडी पेटीतून काढली. तांबड्या रंगावर निळे ठिपके. प्रवाळात राहणाऱ्या हेकरू माशाचा अगदी हाच रंग! निवृत्तीनंतर गुरुजी सुट्टीत अंगणात पोरांना शिकवत. समुद्र त्यांनी स्वतःही पाहिला नव्हता, पण ही अडचण त्यांनी शिकवण्याच्या आड कधी येऊ दिली नाही. साडी उद्या अंबाजोगाईच्या लग्नात नेसायची होती. बायको परतायच्या आत ती घडी मोडली नसल्यासारखी पेटीत गेली की झालं.

"हेकरू शिकारीमागं पळत न्हाई," साडी अंगाभोवती गुंडाळत गुरुजी म्हणाले. "कपारीत दबा धरतो. मासा जवळ आला की जबडा उघडून पाण्यासकट गट्टम! एका नराच्या हद्दीत चार-पाच माद्या. तो नर नाहीसा झाला तर काय व्हतं, ते मागून सांगतो."

पुलासाठी आणलेला सिमेंटचा पाइप दाराशीच पडला होता. गुरुजी पालथे पडून, पायाकडून आत सरकले. डोकं आणि हात तेवढे बाहेर. पोटही मावलं, याचा त्यांना अभिमान वाटला. शेजारच्या ऋतुजानं तोंडापुढं शेंगदाण्याचा लाडू धरला. गट्टम! मग बाकीची पोरंही घरून लाडू घेऊन आली.

बाहेर यायला गेले, तर गुरुजी हलेनात.

"ओढा रे!"

पोरांनी हात ओढले. आत कापड ताणलं गेलं.

"थांबा! साडी फाटंल!"

तेवढ्यात जीपचा हॉर्न वाजला. गुरुजींचा चेहरा पांढराफटक पडला.

"घाबरून रंग बी बदलला!" ऋतुजानं टाळ्या वाजवल्या.

"अवो, माझी साडी नेसून नळ्यात काय करायलाव?" तुळजाबाईंनी पिशवी खाली टाकली.

"नेसलो न्हाई. गुंडाळली हाय."

या खुलाशाचा काही उपयोग झाला नाही.

"आधी साडी निघंल, मग माणूस," म्हणत तुळजाबाईंनी साडीचं बाहेर आलेलं टोक धरलं. "सोडा श्वास. आता वळा!"

गुरुजी वळत राहिले, साडी निघत राहिली. ती धुळीनं माखली होती, पण शाबूत होती.

"गुरुजी," ऋतुजा म्हणाली, "नर नाहीसा झाला तर काय व्हतं, ते राहिलं की."

पाइपातून आवाज आला, "सगळ्यांत मोठी मादीच नर व्हती अन् हद्द सांभाळती."

"अस्सं?" तुळजाबाईंनी साडी झटकली आणि गुरुजींच्या खुर्चीत बसल्या. "काढा रे पोरांनो वह्या."

गुरुजी सरपटत बाहेर आले, मुकाट्यानं मागच्या रांगेत मांडी घालून बसले आणि पहिल्याच प्रश्नाला त्यांनी हात वर केला.