उमाई हलवाईण हिने साखरेत घोळिलेल्या डिंकाची हकीकत

श्री. ज्याचे कृपेने मुख आणि ज्याचेच कृपेने मुखीचा स्वाद, त्यास आरंभी नमन असो. शके सोळाशे एक्कावन्न, सौम्यनाम संवत्सरे, राज्याचे दक्षिण सीमेवरील गडास शेजारचे राज्याचे फौजेने वेढा घातला, त्या वेळी जे वर्तले ते वृद्ध माणसांचे तोंडून ऐकोन येथे लिहिले आहे. गडाचे किल्लेदार निंबाजी राणे, वयाने पोक्त, बोलणे थोडे, आणि त्यांच्या मातोश्री आईसाहेब त्यांजपाशीच राहात. वेढा कार्तिकात पडला, आणि कोठीत धान्य भरपूर होते यास्तव कोणी डगमगले नाही. परंतु पौषाचे आरंभी शत्रूचे तोफेचा गोळा मोठ्या टाक्यावर येऊन पडला आणि टाके तडकले आणि वर्षाचे पाणी एका दिवसात कड्यावरून वाहून गेले. मग उरला तो बालेकिल्ल्याचे पोटातील एक झरा, तोही ठिबकता. किल्लेदारांनी माणशी वाटीभर पाणी नेमून दिले आणि आपणही तितकेच घेऊ लागले. धान्य होते पण शिजवावयास पाणी नाही, मग लोक दाणे भाजून खात, आणि तोंडास कोरड पडोन घास गिळवेना, आणि पहारेकऱ्यांची जीभ टाळूस चिकटोन एका बुरुजावरून दुसऱ्या बुरुजास हाक देववेना. हाक बंद पडली तेव्हा गडाचा धीर सुटत चालला.

त्या गडावर उमाई म्हणोन एक विधवा हलवाईण होती. तिची लेक रखमा हिचे लग्न गडावरील पहारेकरी संतू याशी नुकतेच जाहले होते, आणि संक्रांतीस लेकीस हलव्याचे दागिने घालावे म्हणोन उमाईने साखरेचे गाठोडे राखोन ठेविले होते. तटाचे आतील उतारावर एक जुने झाड होते, त्यास लोक चघळ्या म्हणत. त्याचा डिंक पाण्यात विरघळत नाही आणि दातांनी तुटत नाही, आणि गुराखी तो कधी गंमत म्हणोन तोंडात धरीत. एके दिवशी संतूने त्याचा खडा तोंडात टाकिला आणि लगेच थुंकला, ते उमाईने पाहिले.

ती म्हणाली, "थुंकलात का, जावईबापू?"

"मामी, फार कडू आहे."

"पण जीभ ओली जाहली ना?"

"जाहली. पण कडू जाईपर्यंत तोंडात धरवत नाही."

उमाई घरी गेली आणि गाठोडे सोडून साखरेकडे पाहात बसली, आणि मग उठोन किल्लेदारांचे सदरेवर गेली आणि हात जोडोन म्हणाली, "सरकार, मला तांब्याभर पाणी पाहिजे."

"कशास?"

"पाक करावयास."

किल्लेदारांनी मान वर केली. "उमाई, लोकांची तोंडे सुकली आहेत आणि तू पाकाचे बोलतेस?"

"तोंडांसाठीच मागते, सरकार. चघळ्याचा डिंक चघळला म्हणजे लाळ सुटते. पण आरंभी कडू, म्हणोन लोक टाकितात. वरून हलव्यासारखी साखर चढविली तर कडूपणा सरेपर्यंत माणूस धरील."

"आणि फसले तर?"

"तर पाणी गेले. ते मला परत आणिता येणार नाही."

तों माजघराचे दारातून आईसाहेब बोलिल्या, "माझी वाटी तिला दे. रोज दे."

"आईसाहेब, आपले वय पाहता—"

"वय माझे आहे, निंबा. पाणीही माझेच आहे."

मग आईसाहेबांची वाटी आणि किल्लेदारांची अर्धी वाटी रोज उमाईकडे जाऊ लागली, आणि इतर काही लोकांनीही चार घोट घातले, आणि तांब्या भरला. उमाईने डिंकाचे खडे चुलीपाशी मऊ करून त्यांच्या गोळ्या वळल्या, आणि मंद निखाऱ्यांवर परात ठेवून त्यांजवर पाक थेंब थेंब सोडीत बोटांनी हलवीत बसली. एक थर वाळला म्हणजे दुसरा, दुसऱ्यावर तिसरा. बोटे भाजली, फोड आले, तरी हात थांबविला नाही, कारण हात थांबला की गोळ्या एकमेकांस चिकटतात. गोळ्या पांढऱ्याशुभ्र जाहल्या तेव्हा तिने पहिली संतूचे हाती दिली. त्याने ती दाताखाली धरिली, कवच फुटले, गोडी तोंडभर पसरली, आणि मागाहून कडूपणा आला तोवर तोंडास पाणी सुटले होते आणि तो चघळीतच राहिला. बराच वेळ गेल्यावर म्हणाला, "मामी, आणखी आहे?" तेव्हा उमाई भिंतीस टेकोन बसली आणि रडली.

मग गडावर जो तो चघळू लागला, आणि घास उतरू लागले, आणि बुरुजावरून बुरुजास हाक पुन्हा जाऊ लागली. उमाईने आईसाहेबांसही गोळी नेऊन दिली. त्या हसोन म्हणाल्या, "मला दात नाहीत गं, मी आपली वरची साखर चोखते." परंतु लाळेने तोंड ओले होते, देहास पाणी मिळत नाही. आईसाहेब खंगत गेल्या. उमाईने पाय धरिले की आता वाटी परत घ्यावी, त्यांनी ऐकिले नाही, आणि माघ मासी एके सकाळी त्यांनी देह ठेविला.

त्याच दिवशी दुपारी शत्रूचे वकील शामजीपंत बोलणे करावयास गडावर आले. गड तहानेने मेला असेल ऐसे समजोन आले होते. तों दरवाजावरील शिपाई चघळताहेत, पायरीवर बायका चघळताहेत, आणि सदरेवर किल्लेदार स्वतः चघळीत बसले आहेत. मातोश्रींचे दुःखाने ओठ थरथरू नयेत म्हणोन ते चघळीत होते, हे पंतांस काय ठाऊक. किल्लेदारांनी तबक पुढे केले. पंतांनी गोळी तोंडात टाकिली, फोडिली, आणि क्षणभर बोलणे विसरले. मग म्हणाले, "डोळे लाल दिसतात आपले."

"जागरण जाहले."

"राणे, खरे सांगा. गडावर पाणी किती आहे?"

"साखरेचा पाक करावयास पुरते, इतके आहे."

पंतांनी तोंडातील गोड घोट गिळिला आणि अधिक पुसले नाही. ते उतरून गेले आणि आपल्या सरदारास म्हणाले की जेथे पाणी पाकास लाविताहेत तो गड पावसाळ्यापर्यंत हाती येत नाही. त्या फौजेचा चारा आधीच सरत आला होता, मग वेढा उठला. इकडे वकील दरवाजाबाहेर पडताच किल्लेदारांनी मातोश्रींस अग्नी दिला. उमाई दूर उभी होती. ती म्हणाली, "सरकार, मी पाणी मागितले नसते तर आईसाहेब असत्या." किल्लेदार म्हणाले, "तू मागितलेस, ते योग्यच केलेस. त्यांनी दिले, ते त्यांनी केले. दोहोंत माझे काही चालले नाही."

पुढे त्या गोळीची कीर्ती राजधानीस गेली, आणि दरबारी पानाचे तबकाशेजारी तिचे तबक आले. मग कोणी केशराने रंगविली, कोणी वेलदोडा घातला, आणि लहानथोर सर्वांस कवच फुटण्याचा तो एक क्षण आवडू लागला, आणि साखर सरल्यावरही तोंड चाळवीत बसण्याचा छंद जडला. लोकांनी त्या गोळीस खेळ मानिले आणि तसे मानावे हेही ठीकच. निंबाजी राणे यांनी टाके नवे बांधविले आणि पहिला घडा उमाईचे हातून भरविला. त्यांनी पुढे ती गोळी कधी खाल्ली नाही, आणि कोणी आग्रह केला तर तबकास हात लावोन नमस्कार करीत.

एकंदर मजकूर इतकाच की तहानेत गड राहिला, एक मातोश्री गेल्या, आणि गोडी राज्यभर जाहली. घडले तैसे लिहिले, पदरचे काही घातले नाही. लेखनसीमा.