बिनआवाजाचा प्रॉम्प्टर

वसंता जाधवच्या घरात पहिल्या फटक्यात कुणालाच शिरता येत नाही. सिलिंडर घेऊन आलेल्या माणसालासुद्धा तो उंबऱ्यावरून परत पाठवतो. "एंट्री चुकली. पाठ फिरवून काय येतोस? तोंड प्रेक्षकांकडे पाहिजे." प्रेक्षक म्हणजे तो एकटा, खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेला. बिचारा माणूस सिलिंडरसकट बाहेर जातो आणि सरळ तोंडाने पुन्हा आत येतो. "हां. आता बोल."

त्याचं सगळं बोलणं नाटकातलं. स्वयंपाकघर म्हणजे विंग. बायको हयात होती तेव्हा ती आतून काही म्हणाली की हा ओरडायचा, "विंगेतून संवाद न्हाय चालायचे, स्टेजवर या!" ती यायची, लाटण्यासकट. रात्री लाइट गेली, आणि भिवंडीत ती जातेच, की "ब्लॅकआऊट! कुणी बोलायचं न्हाय." गल्लीतले एक आजोबा झोपेतच गेले, तेव्हा हा माझ्या कानाशी लागला, "एक्झिट पाहिलीस? कुठे अडखळले न्हायत."

भाजीवाल्याने भाव सांगितला की हा नुसता त्याच्याकडे बघत उभा राहतो. भाजीवाला गडबडून आपणच भाव उतरवतो. एकदा परतताना मला म्हणाला, "ह्याला पॉज म्हणतात. पॉज घेणारा आणि वाक्य विसरलेला, दोघंही गप्पच असतात. पण विसरलेला डोळे फिरवतो."

तो सहज बोलला. मी मात्र त्या रात्री न जेवताच ताट सारलं. ते का, हे आता सांगून टाकायला हवं. माझं वय शहात्तर आहे, आणि ज्या नाटकात ते घडलं त्यातले आम्ही दोघंच उरलो आहोत.

आमचं एक हौशी नाटकमंडळ होतं. बाकी सगळे लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, काम करणारे. मी एकटा शाळेच्या ऑफिसातला कारकून, आवाज बरा म्हणून नायक. वसंता प्रॉम्प्टर. नट अडला की विंगेतून त्याला वाक्य द्यायचं, हे प्रॉम्प्टरचं काम. इतर मंडळांचे प्रॉम्प्टर असे कुजबुजायचे की वाक्य नटाच्या आधी पहिल्या रांगेला कळायचं. वसंता आवाजच करायचा नाही. चाळीस लूम खडखडत असताना शेजारच्याची बोंबसुद्धा ऐकू येत नाही, म्हणून कारखान्यातली माणसं एकमेकांचे ओठ वाचतात. वसंता विंगेत नुसते ओठ हलवायचा आणि नट तिरक्या नजरेने वाक्य उचलायचा. परीक्षकांना वाटायचं, हे मंडळ प्रॉम्प्टरशिवाय नाटक करतं. 'बिनआवाजाचा प्रॉम्प्टर' म्हणून तालुकाभर नाव झालं होतं त्याचं.

मला ओठ वाचता येत नव्हते. पण तसं सांगितलं असतं तर सगळे मला 'ऑफिसवाला' म्हणून हसले असते. तालमीत वसंताने ओठ हलवले की मी समजल्यासारखी मान डोलवायचो. वाक्यं पाठ असायची, त्यामुळे निभून गेलं.

जिल्ह्याच्या स्पर्धेत मात्र दुसऱ्या अंकात माझं डोकं कोरं झालं. मी विंगेकडे पाहिलं. वसंताने वाक्य दिलं. पुन्हा दिलं. तिसऱ्यांदा तर असा जबडा फाकवला की मला त्याच्या दाढा दिसल्या, वाक्य काही दिसलं नाही. लोकांनी टिंगलीने टाळ्या पिटायला सुरुवात केली आणि कुणीतरी पडदा पाडला.

रंगपटात सगळे माझ्या अंगावर आले. मी म्हणालो, "वसंताने वाक्य दिलंच नाही. झोपला होता तो."

वसंता दारातच उभा होता, हातात संहिता घेऊन. काही बोलला नाही. त्यानंतर तो कधी विंगेत बसला नाही. आणि मी पुढची चाळीसेक वर्षं त्याच्या घरी जाऊन चहा पीत राहिलो.

गेल्या महिन्यात मी त्याच्या मागे उभा राहून हाक मारली. तो वळला नाही. कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या, तरी वळला नाही. लूमने त्याचे कान हळूहळू करत पुरते खाल्ले होते. ती एंट्रीची शिस्त, ते तोंड प्रेक्षकांकडे, सगळं समोरच्याचे ओठ दिसावेत म्हणून. मी पुढे जाऊन विचारलं, तेव्हा "पोराला सांगू नकोस," तो म्हणाला. "मानकोलीला एका खोलीत राहतात चौघं. कळलं तर मला नेऊन त्यात पाचवा करील."

दुसऱ्या दिवशी मी ठरवून गेलो. समोर बसलो आणि खाली बघत सुरुवात केली.

"मान वर कर. संवाद जमिनीवर पडतोय."

मग त्याच्या डोळ्यांत बघून, एकेक शब्द सुटा करून बोलावं लागलं. "तू वाक्य दिलं होतंस. मला ओठ वाचता येत नव्हते. मी खोटं बोललो."

"ओठ वाचता येत न्हाय, हे मला तालमीतच कळलेलं."

"कसं?"

"एकदा ओठांनी तुझ्या बापाला शिवी हासडली. तू मान डोलवलीस."

मला हसावं की रडावं कळेना. "मग तेव्हा सगळ्यांसमोर बोलला का नाहीस?"

"काय तोंडाने बोलू? तुला वाचता येत न्हाय, हे मला ठाऊक होतं. आवाज द्यायला पाहिजे होता. घशापर्यंत आलेला. पण समोर परीक्षक, आणि मी बिनआवाजाचा! नटाला पडू द्यायचं न्हाय, एवढं एकच काम असतं प्रॉम्प्टरला. मी माझ्या नावासाठी तुला पडू दिलं. कुठल्या तोंडाने परत विंगेत बसणार होतो?"

"हे सगळं मी लिहिणार आहे," मी म्हणालो.

"लिही. पण माझंही लिही." मग विचारलं, "ते वाक्य आठवतं?"

मी मान हलवली. नाही.

वसंता खुर्चीचा हात धरून उठला, छाती भरून श्वास घेतला आणि ओरडला, "मी जातो, पण माझं ताट झाकून ठेवा!"

बहिऱ्या माणसाला स्वतःच्या आवाजाचं माप नसतं. फळीवरचे डबे थरथरले. शेजारची नसीमा कणकेच्या हातांनी धावत आली. "क्या हुआ, चाचा?"

त्याने तिच्या ओठांकडे पाहिलं.

"कुछ नहीं, बेटी. इसका डायलॉग रह गया था."